हरायला साखळी लागते

मेहकर तालुक्यातल्या डोणगावातून एखादा कबड्डी संघ शेजारच्या गावच्या खुल्या सामन्यांना निघाला, तर त्याच्या वाट्याला तिथे जास्तीत जास्त किती पराभव येऊ शकतात? एक. प्रवेश फी भरायची, नंबर लागेपर्यंत मैदानाच्या कडेला बसून राहायचं, खेळायचं आणि हरलं की आल्या गाडीने परत. गावोगावचे सामने बाद पद्धतीचे असतात आणि या पद्धतीत हरणारा दुसऱ्यांदा हरायला शिल्लकच राहत नाही. बत्तीस संघ उतरले असतील तर शेवटी एकतीस हरलेले असतात, पण प्रत्येक जण नेमका एकदाच. म्हणून ‘सलग पराभवांचा विक्रम’ हे शब्द या मैदानावर परके वाटतात. असा विक्रम घडायला साखळी पद्धत लागते. आज हरलेल्या संघाला परवाही मैदानात उतरवणारी, पुढच्या आठवड्यातही आणि पुढच्या वर्षीही. स्पर्धेच्या या प्रकाराला मराठीत ‘साखळी’ हा शब्द ज्याने रूढ केला त्याच्या मनात पराभवांची साखळी नसणार, पण शब्द अचूक बसला आहे. लांबलचक पराभवमालिका दिसली की आपण ती त्या संघाच्या दुबळेपणाचा पुरावा म्हणून वाचतो. माझ्या मते तिच्यात संघापेक्षा स्पर्धेच्या रचनेविषयी जास्त माहिती असते. विक्रमाइतकं हरण्यासाठी नुसतं दुबळं असून भागत नाही, हरल्यानंतरही कुणीतरी ठेवून घ्यावं लागतं.

महाराष्ट्रातलं याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे पुणे वॉरियर्स. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने सुमारे १,७०२ कोटी रुपयांची बोली लावून आयपीएलमधला हा संघ घेतला. २०११ चा पहिला हंगाम युवराज सिंगच्या नेतृत्वाखाली झाला. घरचे सामने तेव्हा पुण्यात नव्हे तर नवी मुंबईत होते, कारण पुण्याजवळचं गहुंजेचं मैदान अजून तयार नव्हतं. २०१२ मध्ये युवराज कर्करोगाच्या उपचारांत होता आणि सूत्रं सौरव गांगुलीकडे आली. सुरुवात झोकात झाली. पहिल्याच सामन्यात पुण्याने वानखेडेवर मुंबईला हरवलं, पहिल्या सातांपैकी चार सामने जिंकले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात या संघाला तळाचा कुणी म्हटलं नसतं. तिथून मात्र उरलेले नऊच्या नऊ सामने गेले. त्यातले दोन आठवण्यासारखे आहेत. ३ मे रोजी गहुंजेला मुंबईच्या १२० धावांचा पाठलाग एका धावेने हुकला. दोनच दिवसांनी ईडन गार्डन्सवर, अर्धं कोलकाता आपल्या ‘दादा’ गांगुलीसाठी ओरडत असताना, पुणे सात धावांनी हरलं. हंगाम संपला, वर्ष उलटलं, कर्णधार म्हणून श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज आला आणि २०१३ चे पहिले दोन सामनेही हातचे गेले. नऊ आणि दोन, अकरा. अखेर ११ एप्रिल २०१३ रोजी गहुंजेलाच राजस्थानला हरवून मालिका तुटली. पुढे २०१४ चे शेवटचे नऊ आणि २०१५ चे पहिले दोन सामने हरून दिल्लीनेही अकराचा आकडा गाठला. २०२५ च्या हंगामापर्यंत आयपीएलमधल्या सलग पराभवांची ही सर्वांत लांब मालिका या दोघांच्या नावावर आहे. योगायोग असा, की दिल्लीची साखळीही १५ एप्रिल २०१५ ला गहुंजेच्याच मैदानावर तुटली. पंजाबचा संघ त्या वर्षी सुरुवातीचे घरचे सामने तिथे खेळत होता आणि दिल्लीच्या त्या विजयात अर्धशतक होतं युवराज सिंगचं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. संघ वाईट होता म्हणून हरला, त्यात रचनेचा काय दोष? पुणे चांगला संघ होता असं कुणी म्हणणार नाही. तीन हंगामांत ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव आणि एक सामना निकालाविना, हा हिशोब स्वच्छ आहे. पण मुद्दा अकरा या आकड्याचा आहे. निकाली ४५ सामन्यांतले ३३ हरणारा संघ म्हणजे दर चार सामन्यांत जवळपास तीन हरणारा. हेच प्रमाण धरून, प्रत्येक सामना सुटा मानून आकडेमोड केली, तर ४५ सामन्यांत कुठे ना कुठे सलग अकरा पराभव लागण्याची शक्यता दहांत तीनच्या आसपास निघते. म्हणजे त्यासाठी शाप, ड्रेसिंग रूममधली भांडणं किंवा मैदानाची दिशा असलं काही शोधावं लागत नाही. बऱ्यापैकी दुबळा संघ पुरेसा काळ खेळत ठेवला, तर विक्रम आपोआप पिकतो. त्यातला ‘पुरेसा काळ’ हा भाग संघाच्या हातात नसतो. आणखी एक गोष्ट नजरेआड होते. २०१२ च्या मे महिन्यात हरणारे अकरा जण आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये हरणारे अकरा जण हे एकच अकरा नव्हते. कर्णधार वेगळा होता, मधे आणखी एक लिलाव झाला होता. मालिका लिहिली गेली ती फ्रँचायझीच्या खातेवहीत. एवढे सगळे पराभव स्वतः भोगलेला संघ असा कुठे नव्हताच.

खातेवहीचा विषय निघालाच आहे तर भारतीय क्रिकेटचं एक जुनं पान उघडायला हवं. १९५९ मध्ये दत्ता गायकवाडांच्या संघाने इंग्लंडमध्ये पाचही कसोट्या गमावल्या. १९६२ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पुन्हा पाच. याच दौऱ्यात बार्बाडोसला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला आणि एकवीस वर्षांच्या पतौडीवर नेतृत्व येऊन पडलं. १९६७ मध्ये इंग्लंडात तीन, मग १९६७-६८ मध्ये ऑस्ट्रेलियात चार. त्यातल्या ॲडलेडच्या पहिल्या कसोटीत जायबंदी पतौडीच्या जागी पुण्याचे चंदू बोर्डे कर्णधार होते, आणि ब्रिस्बेनची कसोटी तर फक्त ३९ धावांनी निसटली. परदेशात सलग सतरा पराभव! ही ओळ वाचली की एक संपूर्ण दशक अंधारलेलं वाटतं. प्रत्यक्षात याच काळात भारताने कानपूरला ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं आणि १९६१-६२ मध्ये घरच्या मालिकेत इंग्लंडवर २-० अशी मात केली होती. सतराचा आकडा खरा आहे, पण तो दिसतो फक्त परदेशातल्या कसोट्या बाजूला काढून मोजल्या तरच. फेब्रुवारी १९६८ मध्ये ड्युनेडिनला न्यूझीलंडविरुद्ध तो थांबला. दोन्ही डावांत भारताकडून सर्वाधिक धावा अजित वाडेकरच्या होत्या. तीन वर्षांनी हाच वाडेकर कर्णधार म्हणून वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकून आला. ज्या दोन देशांत मिळून तेरा पराभव साठले होते, तेच हे दोन देश.

सामना अनिर्णित राहू शकतो की नाही, यावरही बरंच ठरतं. इंग्लिश काउंटी क्रिकेटमध्ये नॉर्थॅम्प्टनशायरचा संघ मे १९३५ ते मे १९३९ या काळात ९९ सामन्यांत एकदाही जिंकला नाही. इतकी दीर्घ उपासमार क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल. पण मधूनमधून सामने अनिर्णित राहत गेले, म्हणून ‘सलग पराभवां’च्या यादीत त्याची तशी नोंदच होत नाही. बांगलादेशचं उदाहरण याहून बोलकं आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ढाक्यात झिम्बाब्वेविरुद्धची कसोटी पावसाने वाचली, मग सलग २१ पराभव झाले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये बुलावायोला पुन्हा पावसानेच ती साखळी तोडली. मालिकेच्या अलीकडे पाऊस, पलीकडेही पाऊस. कसोटीतल्या सलग पराभवांच्या जागतिक विक्रमाची ही साखळी तोडायला बांगलादेशला जिंकावंही लागलं नाही. पहिला विजय आला तो जानेवारी २००५ मध्ये. आयपीएलच्या वीस षटकांत अनिर्णित ही सोयच नाही, बरोबरी झाली तरी सुपर ओव्हर. म्हणजे साखळी पद्धत, दरवर्षीची हमखास जागा आणि बरोबरीला बंदी, अशी तिहेरी तजवीज झाली की लांब मालिकेला मैदान मोकळं होतं.

जगभरच्या नोंदी हेच सांगतात. अमेरिकी बेसबॉलमध्ये १८९९ साली क्लीव्हलँड स्पायडर्सने १५४ सामन्यांपैकी १३४ गमावले, त्यांत एकदा सलग २४. मैदानावर जे दिसत होतं त्याचं कारण मालकांच्या कचेरीत होतं. स्पायडर्सच्या मालकांनीच सेंट लुईसचा संघही घेतला होता आणि क्लीव्हलँडचे चांगले खेळाडू उचलून तिकडे नेले होते. अलीकडे फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाने २०१३-१४ मध्ये सलग २६ सामने गमावले, पुढे २०१४-१५ आणि २०१५-१६ हे दोन हंगाम मिळून सलग २८. त्या स्पर्धेत तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त असते आणि खाली ढकललं जाण्याची भीती नसते. मग व्यवस्थापनाने काही वर्षं तळाला राहणंच हिशोबात धरलं, हे अमेरिकेत कुणी लपवलंही नाही. उलट इंग्लिश फुटबॉलमध्ये २००७-०८ साली डर्बी काउंटी ३८ सामन्यांत एकच विजय मिळवून ११ गुणांवर थांबला, आणि हंगाम संपताच त्याची रवानगी खालच्या विभागात झाली. एका वर्षाच्या नामुष्कीवर ती व्यवस्था पडदा टाकते. आपल्या प्रो कबड्डीने वळण अमेरिकेचं घेतलं आहे. तेलुगू टायटन्सने लागोपाठच्या तीन हंगामांत २२ पैकी १, २२ पैकी २ आणि २२ पैकी २ असे विजय मिळवले. तिसऱ्या खेपेला तर २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजून आणलेला पवन सेहरावत त्यांचा कर्णधार होता. गावच्या मैदानावर असा संघ पहिल्याच दुपारी मोकळा झाला असता. इथे तो पुढच्या वर्षीच्या लिलावात पुन्हा हजर.

दुसरा आक्षेप जरा खोल आहे. सतत हरण्याची सवय लागते, मन खचतं, आणि अटीतटीच्या क्षणी हात थरथरतात, हे खेळलेला प्रत्येक जण सांगेल. ते खोटं नाही. एका धावेने आणि सात धावांनी हरलेल्या सामन्यांत याचा वाटा असेलही. पण सवयीने सगळा उलगडा व्हायचा तर विजयानेही ती मोडायला हवी. पुण्याने ११ एप्रिल २०१३ ला साखळी तोडली, चारच दिवसांनी चेन्नईला तिच्याच घरी हरवलं, आणि त्यानंतर पुन्हा सलग नऊ सामने गमावले. त्यांतल्याच एकात, २३ एप्रिलला बेंगळुरूमध्ये, ख्रिस गेलने एकट्याने नाबाद १७५ धावा केल्या. चेन्नईच्या विजयाने आलेलं बळ आठवडाभरही पुरलं नाही. उलट मुंबई इंडियन्स बघा. पाच वेळचा विजेता संघ २०२२ मध्ये पहिले आठही सामने हरला, तेही सगळे सामने महाराष्ट्रातच होत असताना. आयपीएलमध्ये याआधी असं कुणाचंच झालं नव्हतं. त्या हंगामात तो तळाला राहिला, पुढच्या वर्षी बाद फेरीत पोचला आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तळाला गेला. इतक्या झोक्यांना एकाच मनाची सवय म्हणता येत नाही. दर लिलावाला फिरणारे खेळाडू आणि कधीच न हलणारी जागा, या दोन गोष्टी मात्र सगळीकडे सारख्याच सापडतात.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत वजनदार आहे, आणि तो डोणगावच्या अगदी जवळून येतो. डोणगावचा बुलढाणा जिल्हा वऱ्हाडातला. त्याला लागून असलेल्या जालन्याचा होतकरू खेळाडू महाराष्ट्राच्या संघाकडे बघतो, डोणगावचा मात्र विदर्भाकडे. १९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला तेव्हा इथला संघ मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने उतरला. स्पर्धा बाद पद्धतीची होती, म्हणजे हरलं की वर्षभर घरी. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, पण क्रिकेटच्या नकाशावर ते मुंबईत विरघळले नाहीत. १९५७-५८ पासून विदर्भ या नावाने वेगळा संघ रणजीत खेळू लागला, आणि नेमक्या त्याच हंगामापासून रणजीत विभागवार साखळी सुरू झाली. बाद पद्धतीने वर्षाला एका पराभवावर सुटका केली असती. साखळीने दरवर्षी तीन-चार सामन्यांची हमी दिली. मध्य विभागात समोर राजस्थान होता, आणि तो १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम सामन्यात पोचला. आठही वेळा हरला, बहुतेकदा मुंबईकडून. कारण मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं करंडक दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. राजस्थानच्या त्या पराभवांना निदान अंतिम सामन्यांचं वैभव होतं. विदर्भाचे पराभव आणि अनिर्णित सामने विभागातच जिरले, त्यांची बातमीही झाली नाही. पुढे २००२-०३ मध्ये रणजीत एलिट आणि प्लेट असे गट पडले, तेव्हा विदर्भ खालच्या प्लेट गटात. साठ वर्षांत एकही अंतिम सामना नाही. आक्षेप असा, की या संघालाही कुणी स्पर्धेतून काढलं नाही. जागा हमखास होती म्हणून हरणं चालू राहिलं, हे माझंच म्हणणं घेतलं तर विदर्भालाही बंद करायला हवं होतं की काय?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू उजेडात येते. जी व्यवस्था हरणाऱ्याला ठेवून घेते ती पराभवांचे विक्रम घडवते, आणि शिकायची सवड देणारी व्यवस्थाही तीच. प्रश्न उरतो तो ठेवून घेण्यामागच्या कारणाचा. विदर्भाची जागा जिल्ह्यांच्या नावावर होती, म्हणून पराभवांच्या दशकांतही तिच्याभोवती काही ना काही उगवत राहिलं. २००८ मध्ये नागपूरजवळ जामठ्याच्या नव्या मैदानावर पहिली कसोटी झाली, पाठोपाठ विदर्भ क्रिकेट संघटनेने निवासी अकादमी उभी केली. खापरखेड्याच्या कोळसा खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून थेट कसोटीत पोचलेला तो पहिलाच. मुंबईचा वासिम जाफर, कर्नाटकचा गणेश सतीश असे बाहेरचे खेळाडू आले हे खरं, आणि त्यावर नाकं मुरडणारेही आहेत. पण पाहुणा तर पुण्याकडेही भरपूर होता. विदर्भात पाहुण्याभोवती घरचं माणूस उभं होतं. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि फैज फजल कर्णधार असताना विदर्भाने कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकला पाच धावांनी हरवलं. त्या सामन्यात अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबानीने बारा बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅट्‌ट्रिक झाली, अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गड्यांनी जिंकला. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून अंतिम सामना गमावला आणि २ मार्च २०२५ ला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा जिंकला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातले आजवरचे सर्वाधिक.

पुण्याची जागा मात्र एका करारावर उभी होती. त्या कराराला पराभवांशी काही देणंघेणं नव्हतं. सलग अकरा सामने हरले तेव्हा संघाला कुणी काढलं नाही, नंतर सलग नऊ हरले तेव्हाही नाही. सहारा आणि क्रिकेट मंडळ यांच्यातला वाद फ्रँचायझीच्या रकमेवरून होता. त्यापायी सहाराने २०१२ च्या फेब्रुवारीत एकदा आणि २०१३ च्या मे महिन्यात दुसऱ्यांदा अंग काढून घेतलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये मंडळाने संघ रद्द केला तो पुढच्या हंगामाची बँक हमी भरली नाही म्हणून. गुणतक्त्याचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. गहुंजेचं मैदान राहिलं, पुण्याच्या नावाने पुढे दुसरा संघ आला आणि दोन वर्षांत तोही गेला. विदर्भासारखी साठ वर्षं पुण्याला कुणी दिली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणाकडेच नाही. नोंद एवढीच आहे, की १५ मे २०१३ ला रांचीत कोलकात्याविरुद्ध आणि १९ मेला गहुंजेत दिल्लीविरुद्ध, असे पुणे वॉरियर्सने आपले शेवटचे दोन्ही सामने जिंकले होते.